आरामरावांना वसुलीची नोटीस

दहिवली, कर्जत
30 मे

रा. रा. आरामराव यांसी,


हे पत्र उघडंच पाठवतेय, कारण पाकिटावर पत्ता काय घालावा हेच कळेना. कर्जतमध्ये तुम्ही घरोघरी आहात. खालापूर तालुक्यात चौकला माझं माहेर, तिथे तर माजघरातली कॉट तुमच्याच नावावर आहे. शनिवारी मुंबईहून फार्महाऊसवर येणाऱ्यांच्या गाडीत तुम्ही पुढच्या सीटवर बसून येता. रविवारी रात्री ते परत जातात, तुम्ही इथेच राहता.

मी गावातल्या एका पतपेढीत वसुलीचं टेबल सांभाळते. (गावाचं नाव कर्जत आणि माझं काम कर्जाचं, हा विनोद आजवर सगळ्यांनी करून झालाय. तुम्ही तेवढे कष्ट घेऊ नका. तसे घेणारही नाही म्हणा.) इतक्या वर्षांत एक पाहिलंय, बुडवणारा माणूस उर्मट नसतो. तो गोड बोलतो, चहा मागवतो, मुलांची चौकशी करतो, आणि हप्त्याचा विषय निघाला की म्हणतो, "ताई, आधी तुम्ही बसा तरी." तुमच्या तोंडचं पहिलं वाक्य हेच होतं. वसुलीतली बाई असून मी बसले, याची लाज मला आजही वाटते.

आपली ओळख 2014 सालची. त्याआधी तीन वर्षं शरीरात काहीबाही चाललं होतं. 2011 च्या पावसाळ्यात डाव्या डोळ्यापुढे धुकं आलं. डोळा फिरवला की आत दुखायचं, आणि डबीतलं लालभडक कुंकू त्या डोळ्याला विटलेलं दिसायचं. महिन्या-दीड महिन्यात निवळलं, चष्मेवाल्याने नंबर बदलून दिला, विषय संपला. मग उजव्या पायातली चप्पल रस्त्यात मागे राहू लागली. मी चार पावलं पुढे, चप्पल उल्हासच्या पुलावर, आणि मला पत्ता नाही. नणंद म्हणाली, मागे पट्टा असलेली घे. घेतली. मग पट्ट्याच्या चपलेसकट पडले.

कोणी म्हणालं मणक्यात नस दबलीय, कोणी म्हणालं पायावरून वारं गेलं असणार, सासूबाईंनी मीठ-मोहऱ्या ओवाळून टाकल्या. शेवटी पनवेलला एमआरआय करायचा ठरला. तेव्हा कर्जतहून पनवेलला लोकल नव्हती. गाडी केली, वाटेत चौकला आईला घेतलं. रिपोर्टमध्ये मेंदूत आणि मानेतल्या मज्जारज्जूत पांढरे ठिपके होते. मल्टिपल स्क्लेरोसिस, थोडक्यात एमएस. नाव ऐकून आईने फक्त एवढंच विचारलं, "किती दिवसांत आराम पडेल?" डॉक्टर कागदावरून नजर न उचलता म्हणाले, "आरामच करायला सांगा."

झालं. एका प्रश्नोत्तरात तुम्ही घरात शिरलात.

त्यात आईचीही चूक नव्हती आणि डॉक्टरांचीही पूर्ण नव्हती. मराठी भाषेनेच तुम्हाला दोन खुर्च्या दिल्यात. 'आराम कर' म्हणजे पडून राहा. 'आराम पडला का?' म्हणजे बरं वाटलं का? औषधही तुम्ही आणि गुणही तुम्हीच. आमच्या पतपेढीत एकाच माणसाला कर्जदार आणि जामीनदार होता येत नाही; भाषेत चालतं. पंडितजींनी मागे तुम्हाला हराम ठरवलं होतं म्हणे. ती घोषणा भिंतींवरून पुसली गेली, तुम्ही मात्र कूस बदलून पुन्हा झोपलात.

आता तुमच्या साहेबांबद्दल, म्हणजे ज्याच्या आडून तुम्ही सह्या केल्यात त्या आजाराबद्दल. खोपोलीच्या माणसाला तो समजावणं सोपं जातं. तिथे 1915 पासून टाटांचं वीजघर आहे. लोणावळ्याकडच्या तलावांचं पाणी मोठाल्या नळांतून खाली कोसळतं आणि वीज मुंबईला जाते. समजा वीजघर ठणठणीत आहे, परळचा दिवाही ठणठणीत आहे, पण मधल्या तारेचं वेष्टण जागोजागी सोललंय. दिवा कधी मिणमिणेल, कधी फडफडेल, कधी लागणारच नाही. मज्जातंतूंवर मायलिन नावाचं असंच वेष्टण असतं. आपलीच प्रतिकारशक्ती त्याला शत्रू समजून कुरतडू लागली की मेंदूचा निरोप पायापर्यंत पोहोचेस्तोवर अडखळतो. फ्रान्सच्या शार्को नावाच्या डॉक्टरने 1868 मध्ये या आजाराला वेगळी ओळख मिळवून दिली. आज जगात सुमारे 29 लाख माणसं तो घेऊन जगताहेत, त्यांतल्या निम्म्याहून कितीतरी जास्त बायका. आपल्याकडे हे गोऱ्यांचं दुखणं समजायचे. मुंबईत डॉ. नोशीर वाडियांनी पारशी समाजात तो आढळतो हे 1990 मध्ये दाखवून दिलं. मी पारशी नाही आणि गोरी तर अजिबात नाही, पण वेष्टण कुरतडणारे जात विचारत नाहीत.

तुमचे जामीनदार मात्र वजनदार निघाले. पहिला जर्मन. विल्हेल्म उथॉफ, डोळ्यांचा डॉक्टर. 1890 मध्ये त्याने लिहून ठेवलं की एमएसच्या काही रुग्णांना श्रम केले की अंधुक दिसू लागतं, आणि थोड्या वेळाने नजर परत येते. किती रुग्णांना? शंभरांत चार. उथॉफसाहेबाने निष्कर्ष काढला की दोष श्रमांचा. तो श्रमांचा नव्हता. श्रमांनी अंग तापतं, त्या तापण्याचा होता. सोललेल्या तारेला अर्धा अंश वाढही जड जाते, निरोप वाटेतच विरतो. अंग निवलं की तार पुन्हा बोलू लागते, नवं काही तुटलेलं नसतं. एवढं समजून घ्यायला पुढे कैक वर्षं गेली. तोवर डॉक्टर काय करत होते माहितेय? संशयित रुग्णाला गरम पाण्याच्या टबात बसवत. नजर गेली, पाय लुळा पडला, की निदान पक्कं. एमआरआयचं यंत्र येईपर्यंत ही परीक्षा चालू होती. आमच्याकडे टबाची गरज नाही. एका अंगाला माथेरानचा डोंगर, दुसऱ्या अंगाला सह्याद्री, मधल्या कढईत कर्जत. एप्रिलमध्ये दुपारी गच्चीवर पापड वाळत घालायला गेलं की उथॉफसाहेबांचा प्रयोग फुकटात होतो.

तर त्या चार जणांच्या जोरावर बाकीच्या शहाण्णवांना, आणि त्यांच्या मागून आलेल्या लाखोंना, तुमच्या हवाली करण्यात आलं. व्यायाम नको, जिना नको, थकू नका, पडून राहा. जवळजवळ शंभर वर्षं! इतकी वर्षं बिनतारणी कर्ज आमच्या तालुक्यात अजून कोणाला मिळालेलं नाही.

मग 1996 साल उजाडलं. अमेरिकेत यूटाच्या विद्यापीठात पेटाजन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एमएसच्या 54 रुग्णांचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट केले. एका गटाला आठवड्यातून तीनदा, 40 मिनिटं, हातापायांची सायकल चालवायला लावली. 15 आठवडे. दम वाढला, ताकद वाढली, मन ताळ्यावर आलं. पुढे असे अभ्यास ढिगाने झाले, आणि व्यायामाने एमएसचे झटके वाढतात असं काही त्यांतून निघालं नाही. 2020 मध्ये तज्ज्ञांनी मिळून लिहिलं की ज्याला जमेल त्याने आठवड्याला 150 मिनिटं हालचाल करावी, नाही जमलं तर जमेल तितकी, पण करावी. म्हणजे तुमचा जामीन 1996 लाच रद्द झाला होता. पण कोर्टाचा हुकूम तालुक्यात पोहोचायला वेळ लागतो. आमच्या घरात 2014 मध्ये तुम्ही हार घालून घेतलात.

काय थाट होता तुमचा! आल्या आल्या तुम्ही माझी पोळपाट-लाटण्याची जागा ताब्यात घेतलीत. "तू बस गं, आम्ही आहोत ना." मग भाजी निवडणं काढून घेतलंत. भाजी निवडायला काय डोंगर चढावा लागतो? पण सासूबाई म्हणाल्या, मान दुखेल. ह्यांनी बाथरूममध्ये कळशीच काय, मगही भरून ठेवायला सुरुवात केली. मुलगा तेव्हा आठवीत होता. तो शाळेतून आला की दप्तर टाकायच्या आधी मला पाण्याचा पेला आणून द्यायचा. मी आठ फुटांवरच्या माठाकडे शेवटची स्वतः कधी गेले ते मला आठवेना. भाऊबिजेला चौकला गेले तर भावाने दोन्ही हातांवर उचलून ओटीवर ठेवलं, शेजारणींनी डोळे पुसले, आणि मागच्या दारातून दिसणारा इर्शाळगड, ज्याच्या पायथ्याशी मी शाळेत असताना करवंदं तोडत फिरले होते, तो मला कॉटवर आडवं निजवून दाखवण्यात आला. सगळ्यांचं माझ्यावर प्रेम होतं, हे मी शपथेवर सांगेन. तुमची खुबी हीच की तुम्ही कधी एकटे येत नाही, माणसांच्या प्रेमाला पुढे घालून येता. प्रेमाला कोण म्हणणार, दारात थांब, आधी कागद दाखव?

पाच वर्षं अशी गेली. दर थोड्या दिवसांनी मी आणखी एक काम सोडून द्यायचे आणि सगळे म्हणायचे, आजार वाढतोय.

आता मुद्द्याचं. आमच्याकडे थकबाकीदार कांगावा करू लागला की आम्ही खातेउतारा काढतो आणि एकेका नोंदीसमोरची सही तपासतो. मी माझा उतारा काढला तेव्हा कळलं की सह्या दोन वेगळ्या आहेत. काही रकमा एमएसने उचलल्यात. काही तुम्ही उचलून त्याच्या नावावर टाकल्यात.

एमएसच्या सहीने गेलं ते असं: उजवा चवडा वर उचलण्याची ताकद. डाव्या डोळ्याचा लाल रंग. लघवीला लागल्यावर पाच मिनिटं थांबायची मुभा. पोटऱ्यांचा मऊपणा, रात्री पाय लाकडासारखा ताठतो आणि आपणहून थडथडतो. ही बुडीत खाती. औषधं चालू आहेत, नवी उचल होऊ नये म्हणून. जुनं किती परत येईल सांगता येत नाही.

आणि तुमच्या सहीने? दोन्ही मांड्यांचं मांस. त्या मांड्यांच्या तारा तर बऱ्याचशा शाबूत होत्या! जिन्याच्या नऊ पायऱ्यांचा दम. हातांचा आधार न घेता उठणं. पाठीचा ताठा. पोट साफ होणं. रात्रीची झोपसुद्धा, कारण दिवसभर तुमच्यासोबत पडलेल्या माणसाला रात्री झोप येईल कशी. आणि शेवटची रक्कम सर्वांत मोठी. आमची थोडी भातशेती आहे. इथल्या भात संशोधन केंद्राने गावाच्याच नावाचे वाण काढलेत. त्यांतलं कुठलं बियाणं टाकायचं हे आमच्या घरात मी ठरवायचे, कारण हिशोब माझ्याकडे. 2016 च्या मृगात बियाणं आलं, पेरलं, आणि मला रोपं वर आल्यावर कळलं. कोणी मुद्दाम डावललं नव्हतं. पडून असलेल्या बाईला विचारायचं कोणाच्या लक्षातच आलं नाही.

तुमचा एक साथीदार मी अजून जपून ठेवलाय, तोही इथे नोंदवते. एका मोठ्या इस्पितळातून मिळालेला झेरॉक्सचा कागद. झेरॉक्सची झेरॉक्स, तिची झेरॉक्स. वर शीर्षक, घरी करायचे व्यायाम. खाली चड्डी घातलेल्या एका सडपातळ पुरुषाची दहा चित्रं, गालिचा अंथरलेल्या खोलीत, पाठीमागे बहुधा एसी. प्रत्येक चित्राखाली '10 वेळा, दिवसातून 3 वेळा'. कोणत्या दिवसातून? कर्जतच्या मे महिन्यातल्या? पाय ताठलेल्या दिवशी किती वेळा? जमिनीवर झोपून करायचे सहा प्रकार होते, पण जमिनीवरून उठायचं कसं, हे सातवं चित्र कुठेच नव्हतं. पहिल्याच दिवशी मी जमिनीवर आडवी झाले आणि ह्यांची गाडी येईपर्यंत दीड तास तिथेच राहिले. पंखा बघत. तुम्ही शेजारीच होतात. तो कागद मग फ्रिजवर गणपतीच्या चुंबकाखाली चार वर्षं लटकला आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत राहिला की हिला व्यायाम सांगितलेत, पण ही करत नाही.

2019 मध्ये एक फिजिओ मुलगी भेटली. माझ्या निम्म्या वयाची. तिने कागद मागितला नाही, रिपोर्टही नंतर पाहिला. म्हणाली, "काकू, हाताची घडी घाला आणि खुर्चीतून उठा-बसा करा. तीस सेकंदांत किती होतात बघू." चार झाल्या. चौथ्या वेळी हातांनी गुपचूप घडी सोडून जामीन दिला तो तिने धरला नाही. वहीत तीन लिहिलं. मग घर बघायला आली. पायऱ्या मोजल्या, ओट्याची उंची पाहिली, संडासाकडे जाताना मी कुठे भिंत धरते तिथे खडूने खूण केली. थेराबँड मिळतं का विचारलं. बाजारात नव्हतं. मग तिने सायकलच्या दुकानातून जुनी ट्यूब आणवली, उभी कापली, धुऊन टाल्कम पावडर लावली. मुलाने काळ्या ट्यूबवर पांढऱ्या पेनाने लिहिलं: आईची जिम.

मार्च 2020 मध्ये लोकल बंद झाल्या, तिचं येणं थांबलं. तुम्हाला वाटलं, आता रान मोकळं. सगळं जगच तुमच्या हवाली झालं होतं तेव्हा. पण ती फोनवर दिसू लागली, आणि घरात माणसं कोंडलेली असल्यामुळे माझ्यावर पाळत ठेवायला तीन पहारेकरी आयते मिळाले. ह्यांच्यासारखा आळशी माणूस माझ्यासमोर उठाबशा काढू लागला, हे त्या साथीचं एकमेव पुण्य.

आता रोजची किर्द ऐका, कारण तुमचं काय काय जप्त झालंय ते त्यात येतं.

उन्हाळ्यात सकाळी सव्वापाचला उठते. उतरत्या गारव्यात, डोक्याला पंचा ओला करून बांधलेला, शेजारी माठाचं पाणी, पंख्याचं तोंड माझ्याकडे. लाईट गेली तर दार-खिडक्या उघडून निम्म्यावर आटपते. आधी पोटरी ताणायची, भिंतीला हात टेकून, टाच जमिनीला चिकटलेली, तीस आकडे मोजेपर्यंत, दोन्ही पाय. मग ट्यूब. चवडा ओढायचा, गुडघा ढकलायचा. मग खुर्ची भिंतीला लावून उठ-बस. आठ करते, दोन मिनिटं बसते, पुन्हा आठ. जमिनीवरचे प्रकार पलंगावर करते. दूध तापवताना ओट्याला धरून टाचा वर उचलते. दूध उतू जाईल या धास्तीने लक्ष तिथे असतं आणि बारा-पंधरा कधी होतात कळत नाही. मग ओट्यावर फक्त दोन बोटं टेकून एका पायावर उभी. मग बोटंही उचलून, जेमतेम पाच आकडे. उंबरठा हे आमच्या घरातलं सर्वांत उपयुक्त सामान निघालं: पुढे पाऊल, मागे पाऊल, एका हाताने चौकट. लघवी अडवून धरल्यासारखे स्नायू आवळायचे आणि सैल सोडायचे, हे तर मी पतपेढीत टेबलावर बसून करते. समोरचा थकबाकीदार सबबी सांगत असतो, मी मनात दहापर्यंत मोजत असते. त्याला वाटतं मॅडम विचार करताहेत.

पावसाळ्यात उन्हाची भीती जाते आणि लादीची सुरू होते. जुलैत आमच्या लादीला घाम फुटतो, मागच्या पायरीवर शेवाळ धरतं. तेव्हा अनवाणी काही नाही, पायात रबरी तळाचे बूट, आणि चालायचं ते बाहेर नाही तर माजघरातून ओटीपर्यंत, मोजून चाळीस फेऱ्या. सासूबाई आधी म्हणायच्या, घाण्याचा बैल झालीस. आता त्या दाणे टाकून फेऱ्या मोजतात. एकदा अडतिसाव्याला मी थांबले तर म्हणाल्या, "दोन राहिल्या." घरात तुमचा बालेकिल्ला त्याच होत्या हो!

थकव्याचं मात्र खोटं सांगणार नाही. एमएसचा थकवा तुमच्या धंद्यातला नाही, तो वेगळा आहे. सकाळी गल्ल्यात जेवढी रोकड असते तेवढीच. दुपारी बारापर्यंत उधळली तर संध्याकाळी शाखा बंद. म्हणून फिजिओ मुलीने तीन खुणा सांगितल्या. व्यायामाने पाय जड झाला, डोळ्यापुढे धुकं आलं, तर थांबायचं, निवायचं. अर्ध्या-पाऊण तासात उतरलं तर घाबरायचं नाही, तो उथॉफ. दुसऱ्या दिवशीही अंग मोडून पडलं असेल तर काल जास्त झालं, आज दोन कमी. आणि ताप नसताना काही नवंच सुरू झालं, बधिरपणा, दुहेरी दिसणं, आणि ते चोवीस तास टिकलं, तर ट्यूब खुंटीला आणि फोन डॉक्टरला. ही साधी तीन वाक्यं त्या झेरॉक्सच्या कागदावर लिहायला जागा होती. चड्डीवाल्याच्या पायाशी होती.

आमच्या स्टेशनावर गाडी थांबते तेव्हा पुण्याला जाणारे वड्यासाठी खिडकीतून हात काढतात. त्यांना वाटतं गाडी वड्यासाठी थांबलीय. ती थांबते मागे ढकलणारी इंजिनं, म्हणजे बँकर, जोडायला; भोर घाटाचा चढ एकट्या इंजिनाच्या आवाक्यातला नाही. म्हणून कोणी गाडीला म्हणत नाही की बाई, तू आजारी आहेस, कर्जतलाच यार्डात पडून राहा. माझ्या काठीबद्दल आणि पायातल्या पट्टीबद्दल मात्र लोक अजून हळहळतात. काठी आली म्हणजे संपलं, असं त्यांना तुम्हीच शिकवलंय. काठी आल्यापासून मी बाजारात जाते.

अर्थात चालायला लागल्याचा दंडही भरला. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याने एकवीस प्रकार मान्य केले, त्यांत मल्टिपल स्क्लेरोसिस नाव घेऊन आहे. दाखल्यासाठी एका टेबलासमोर उभी राहिले. पलीकडून प्रश्न आला, "चालता येतंय की तुम्हाला?" म्हणजे पाच वर्षं पडून होते तेव्हा बिचारी, आणि उठले तर लबाड. त्या टेबलाखाली तुमचे पाय दिसले मला. असो. दाखला मिळाला, तिसऱ्या खेपेला. खेपा मी माझ्या पायांनी घातल्या, त्या आठवड्याच्या 150 मिनिटांत धरल्या.

आणि हे 150 मिनिटांचं गणित मला मजेशीर वाटतं. त्यात घरकामही चालतं म्हणे, बागकामही, बाजारहाटही. म्हणजे झाडू मारणं, धुणं वाळत घालणं, भाजी आणणं. जी कामं तुम्ही मायेपोटी माझ्याकडून काढून घेतलीत, तीच आता परदेशातल्या तज्ज्ञांनी औषध म्हणून लिहून दिलीत. मी घरात जाहीर केलं की पोळ्या मी लाटणार, उंच स्टुलावर बसून, दहा झाल्या की थांबणार. उरलेल्या ह्यांनी लाटायच्या. त्यांच्या पोळीचा नकाशा कधी रायगड जिल्ह्यासारखा येतो, कधी गोव्यासारखा. तो त्यांचा घरगुती व्यायाम.

मुंबईत 1985 पासून मल्टिपल स्क्लेरोसिस सोसायटी ऑफ इंडिया आहे, पुण्यातही तिची शाखा आहे. तिथून ओळख झालेल्या एका बाईशी माझं फोनवर बोलणं होतं. ती चाकाच्या खुर्चीत असते. मी आधी ओशाळून विचारलं, तुम्ही काय व्यायाम करणार? म्हणाली, खुर्चीवरून पलंगावर स्वतः जाता यावं म्हणून दंडांचे व्यायाम करते, आणि श्वास खोल जावा म्हणून रोज मोठ्याने पाढे म्हणते. खुर्चीत बसलेलं माणूस म्हणजे तुमचंच गिऱ्हाईक, असं मीही धरून चालले होते. माझ्याही डोक्यात तुम्ही किती खोलवर बसला आहात, ते त्या दिवशी कळलं.

आज जागतिक एमएस दिन. सकाळपासून भावकीच्या ग्रुपवर गुलाबाची फुलं येताहेत. 'काळजी घे', 'दगदग करू नकोस', 'टेक रेस्ट'. सत्तावीस जणांनी तुमची शिफारस केलीय. आज सकाळी तीस सेकंदांत माझ्या नऊ उठ-बस झाल्या. हाताची घडी घालून. हे मी ग्रुपवर टाकलं, तर चुलत जाऊबाईंनी लगेच विचारलं, "डॉक्टरांना विचारलंस ना?" पडून होते तेव्हा हा प्रश्न एकदाही कोणी विचारला नव्हता.

तर वसुलीबद्दल. बुडीत खात्यांचं मी एमएसशी बघेन, ते आमच्या दोघांतलं प्रकरण आहे. तुमच्याकडे जे निघतं त्यातलं मांड्यांचं मांस हप्त्याहप्त्याने येतंय. जिन्याच्या नऊ पायऱ्या जमा झाल्या, मध्ये एकदा थांबून. बियाण्याचं यंदा मला विचारलं गेलं. मधली पाच वर्षं तेवढी येणे बाकी आहेत, आणि ती तुम्ही देऊ शकत नाही हे मला ठाऊक आहे. एकरकमी तडजोडीचा प्रस्ताव पाठवू नये. सहलीला नेतो, मालिका दाखवतो, असलं तारण चालणार नाही.

कळावे. लोभ आहेच, तो जरा आटोपता असावा.

आपली,
वसुली विभाग

ता. क. दुपारी दोन ते अडीच तुमची गरज लागते, ते फिजिओ मुलीशी बोलून वेळापत्रकात घातलंय. पडदा ओढलेला असेल, पंखा चालू असेल, दार लोटलेलं असेल. चपला बाहेर काढून या. अडीचला गजर होतो. त्याआधी उठून गेलात तर बरं, कारण ती कॉट मला पोटऱ्या ताणायला लागते.